व्हॅनमधला इन्व्हर्टर लोड घेत नाही? मशीन बदलायच्या आधी वायरिंग असं तपासा

सोलापुरात आता बऱ्याच जणांनी ईको, ट्रॅव्हलर, जुनी बोलेरो असल्या गाड्यांत मागे बेड टाकून, बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून घरच्या घरी कॅम्पर केलेत. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर झालं की लोक मग भिगवणला पक्षी बघायला नाहीतर थेट कोकणात निघतात. आणि पहिल्याच मुक्कामाला रडगाणं सुरू होतं, मोबाईल चार्ज होतो, लाइट लागतात, पण मिक्सर नाहीतर छोटी इस्त्री लावली की इन्व्हर्टर टूं टूं करून बंद. मग फोनाफोनी, आणि दहापैकी नऊ जण सांगणार "इन्व्हर्टर गेला बघ, नवीन घे".

नका घेऊ ओ लगेच. मी स्वतः यातनं गेलोय, मित्रांच्या गाड्याही उघडून बघितल्यात, आणि माझं मत असं झालंय की दोष बहुतेक वेळा मशीनमध्ये नसतो, बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या त्या दोन जाड वायरींत आणि त्यांच्या सांध्यांत असतो. आणि तो दोष लोड चालू असतानाच दिसतो. गाडी शांत उभी असताना मीटर लावून "बारा पॉइंट सात दाखवतोय, सगळं ओके" म्हणणं म्हणजे काहीच तपासलं नाही.

सोबत काय लागेल

- डिजिटल मल्टीमीटर. जमलं तर ट्रू आरएमएस वाला घ्या, कारण पुढे येईल.
- डीसी अँपिअर, म्हणजे बॅटरीचा करंट, मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून मोजणारा). स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी (घरच्या लाइटीचा करंट) मोजतात, दुकानात विचारून घ्या. नसला तरी काम अडत नाही.
- दहा, बारा, तेरा नंबरचे पाने, आणि त्यांच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली.
- पॉलिश पेपर, वायर ब्रश, खायचा सोडा, पेट्रोलियम जेली.
- थिंबल (लग, केबलच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसते ती). क्रिम्पिंगचं (थिंबल केबलवर दाबून बसवायचं) मोठं टूल विकत घ्यायची गरज नाही, चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे असतं.
- टेस्टिंगसाठी एक ठरलेला लोड. जुनी ५०० वॅटची हॅलोजन सगळ्यात बेस्ट. इस्त्री पण चालते, फक्त ती गरम झाली की स्वतःच कट होते, तेव्हा नॉब फुल्ल ठेवा आणि रीडिंग पटकन घ्या.
- इन्व्हर्टरचं मॅन्युअल, बिल, वॉरंटी कार्ड. बॅटरीचंही.
- वही-पेन. हसू नका, रीडिंग लिहिलं नाही तर दुसऱ्या मिनिटाला गोंधळ होतो.

१. आधी जीव सांभाळा

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बॅटरीला लाइटली घेतात. शॉक नाही बसत, पण १०० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते, पाना लालबुंद होतो. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली चेन काढून ठेवा. आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटला २३० व्होल्ट आहेत, ते घरच्या लाइटीइतकेच जीवघेणे आहेत, बॅटरीतून आलेत म्हणून सौम्य होत नाहीत.

वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. काढल्यावर पण इन्व्हर्टरच्या आतले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) थोडा वेळ चार्ज राहतात, पाच मिनिटं थांबा. परत जोडताना टर्मिनलवर चटकन ठिणगी पडते त्याचं कारण तेच कपॅसिटर, त्यात घाबरायचं काही नाही, पण साध्या लेड अॅसिड बॅटरीतनं चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो त्यामुळे बॅटरी बॉक्स उघडा करून हवा खेळू द्या मगच जोडा. ठिणगी नकोच असेल तर आधी हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब मधे धरून दोन-चार सेकंद कपॅसिटर भरू द्यायचे, मग मेन वायर लावायची.

उलटी पोलॅरिटी मात्र कधीच नाही. लाल-काळं बदललं तर बऱ्याच इन्व्हर्टरचे आतले फ्यूज किंवा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

२. बंद कसा पडतो ते नीट बघा

हे फुकटचं आहे आणि अर्धं निदान इथंच होतं.

लोड लावल्यावर आधी बीप बीप, मग बंद: व्होल्टेज खाली पडतंय. बहुतेक १२ व्होल्टचे इन्व्हर्टर साधारण ११ च्या आसपास ओरडायला लागतात आणि १०.५ ला बंद होतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये नेमका आकडा असेल.

काही न ओरडता खटकन सगळंच मेलं, डिस्प्ले पण गेला: लिथियम बॅटरी असेल तर तिच्या बीएमएसने (बॅटरीच्या आतल्या संरक्षण सर्किटने) कट केलंय. बीएमएस १०० अँपिअरचा आणि इन्व्हर्टर १५०० वॅटचा, ही जोडी जमणारच नाही, कितीही वायर बदला. लेड अॅसिड असेल तर फ्यूज किंवा ढिला सांधा.

दहा-पंधरा मिनिटं चालतो मग बंद, थोड्या वेळाने परत चालू: गरम होतोय. हे आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये लय होतं. बाहेरच ४२ अंश, त्यात उन्हात उभी गाडी, आणि इन्व्हर्टर सीटखालच्या बंद खोक्यात. बऱ्याच इन्व्हर्टरचं पूर्ण रेटिंग ४० अंशांपर्यंतच धरलेलं असतं, त्याच्या वर ते कमी लोड घेतात. खोक्याला जाळी कापा, फॅनच्या तोंडाशी चादरी-टॉवेलची पिशवी कोंबू नका. वायरिंगचा दोष नाही हा, पण लोक यातही वायरी उपसतात.

लोड चालतो पण फॅन घुं घुं करतो, मिक्सर तापतो: मशीन मॉडिफाइड साइन वेव्ह आहे, म्हणजे आउटपुटची लाट घरच्या लाइटीसारखी गुळगुळीत नाही, पायऱ्यापायऱ्यांची आहे. त्याला इलाज नाही, मोटरच्या वस्तूंसाठी प्युअर साइन लागतो. आणि साधा मल्टीमीटर अशा आउटपुटवर २३० च्या ऐवजी बराच कमी आकडा दाखवतो, म्हणून लोक समजतात इन्व्हर्टर कमी व्होल्टेज देतोय. ट्रू आरएमएस मीटर अशा लाटेचाही खरा आकडा दाखवतो, म्हणूनच घ्यायला सांगितला.

३. बॅटरी खरंच भरलीय का

चार्जिंग बंद करून, लोड बंद करून तास-दोन तास थांबा, मग मोजा. लेड अॅसिड असेल तर १२.७ म्हणजे फुल्ल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आता त्रास देऊ नका. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर फुल्लला १३.३-१३.४ च्या आसपास राहते, आणि मधे बराच वेळ व्होल्टेज जवळपास हलतच नाही, त्यामुळे तिथं नुसत्या व्होल्टेजवरून किती भरलीय ते कळत नाही.

मग ५०० वॅटची हॅलोजन लावा आणि थेट बॅटरीच्या खांबावर मीटर धरा. थिंबलवर नाही, वरच्या नटवर नाही, खांबाच्या शिशावर. भरलेली चांगली बॅटरी १२ च्या आसपास टिकते. दहा सेकंदात ११ च्या खाली घसरली तर बॅटरीच गेलीय किंवा एखादा सेल बसलाय, पुढचं सगळं वाचायची गरज नाही, आधी ती बघा.

घरच्या यूपीएसची उंच ट्युब्युलर बॅटरी गाडीत टाकणारे खूप आहेत कारण घरात पडलेली असते. ती एका जागी उभी राहायला बनवलीय, पन्नास किलोच्या वरचं वजन, खड्ड्यात अॅसिड हिंदकळतं, आणि मग टर्मिनलवर ती पांढरी-हिरवी बुरशी. टाकायचीच असेल तर पट्ट्याने घट्ट बांधा आणि पाण्याची पातळी बघत राहा, फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी अजिबात नाही, आपल्याकडचं पाणी किती क्षाराचं आहे ते बाथरूमच्या नळाकडं बघून कळतं.

४. खरी टेस्ट: व्होल्ट कुठं गळतायत

हा भाग शांतपणे करा. बॅटरीपाशी १२.१ आणि त्याच वेळी इन्व्हर्टरच्या टर्मिनलपाशी १०.९ असेल तर मधल्या वाटेत १.२ व्होल्ट खाल्ले गेले. कुठं खाल्ले ते शोधायचंय. लोड चालूच ठेवायचा.

मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळा प्रोब इन्व्हर्टरच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर. हो, दोन्ही पॉझिटिव्हवरच. नवीन माणूस इथं गडबडतो, त्याला वाटतं शून्यच येणार. लोड नसताना शून्यच येतं. लोड असताना जो आकडा येतो तेवढे व्होल्ट त्या बाजूने गिळले. तो लिहून घ्या. मग तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह.

दोन्ही मिळून ०.३ ते ०.४ च्या आत असेल तर वायरिंग चांगलं आहे. त्याच्या वर असेल तर आता एकेक तुकडा मोजायचा: बॅटरीचा खांब ते थिंबल, थिंबल ते केबलचं तांबं, फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, आयसोलेटर (कट-ऑफ) स्विचच्या अलीकडे-पलीकडे, इन्व्हर्टरपाशी परत थिंबल ते टर्मिनल. चांगल्या घट्ट सांध्यावर आकडा काही मिलिव्होल्टचा येतो. जिथं एकदम उडी मारेल तिथं चोर.

जुळे सोलापुरातल्या एका मित्राच्या गाडीत असंच झालं. सगळे म्हणत होते इन्व्हर्टर बदल. ७५० वॅटची इस्त्री लावून मोजत गेलो तर सगळं ठीक, आणि लाल चावीच्या कट-ऑफ स्विचवर एकट्यावर ०.८ व्होल्ट. इस्त्रीला सुमारे ७० अँपिअर जात होते, म्हणजे ०.८ गुणिले ७०, छप्पन वॅट, म्हणजे त्या मुठीएवढ्या स्विचच्या पोटात दोन सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. स्विच उलटा करून बघितला तर मागचं काळं प्लास्टिक तपकिरी पडून एका बाजूला ओघळलेलं, आणि बोल्टभोवती बोटाला लागेल अशी काजळी. वर रेटिंग काहीतरी मोठं लिहिलेलं होतं. स्विच बदलला, तोच इन्व्हर्टर अजून चालतोय.

अँपिअर किती जातात याचा अंदाज काढायची सोपी पद्धत: वॅट भागिले दहा. १२ व्होल्टवर इन्व्हर्टरचं स्वतःचं खाणं धरून हे बऱ्यापैकी जुळतं. ५०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, १००० वॅट म्हणजे १००. हे एकदा डोक्यात बसलं की १५००-२००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि १५०० ची किटली १२ व्होल्टच्या एका बॅटरीवर का नको ते आपोआप कळतं. गॅसवर चहा करा की.

५. केबल: किती जाड, किती लांब, आणि खरंच तांबं आहे का

इन्व्हर्टर बॅटरीपासून तीन मीटरवर ठेवलाय म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर केबल. तांब्याच्या केबलमध्ये १०० अँपिअरला एवढ्या लांबीत ढोबळ मानाने किती व्होल्ट जातात बघा:

- १० स्क्वेअर एमएम: १ व्होल्टच्या वर
- १६ स्क्वेअर: साधारण ०.६६
- २५ स्क्वेअर: ०.४२
- ३५ स्क्वेअर: ०.३

घरच्या वायरिंगच्या बंडलातली ६ स्क्वेअर घेऊन "एअर कंडिशनरची वायर आहे, जाड आहे" म्हणणाऱ्याला सांगा, एअर कंडिशनरला २३० व्होल्ट असतात, तिथं दहा अँपिअर पण पुरे होतात, इथं शंभर लागतात. ती वायर नुसते व्होल्ट नाही खाणार, तापून वितळेल.

जाड केबल महाग आहे म्हणून रडण्यापेक्षा इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी आणा. अंतर निम्मं केलं की गळती निम्मी, फुकटात. २३० ची बाजू कितीही लांब न्या, तिथं फरक पडत नाही.

आता ट्रॅप. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल मिळते, दिसायला सेम, हाताला हलकी. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या जवळजवळ दीडपट. एक तार घेऊन ब्लेडने खरवडा, आत चंदेरी दिसली तर परत द्या. चांगली वेल्डिंग केबल चालते, मऊ असते, गाडीच्या कोपऱ्यांतनं वळते, फक्त ती तांब्याचीच आहे ना ते असंच खरवडून बघा.

थिंबल हातोडीने चेपू नका. वरून घट्ट वाटतं, आत तारांच्या मधे हवा राहते, सहा महिन्यांत काळं पडतं. केबल घेऊन ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, हायड्रॉलिक क्रिम्प मारून घ्या, वरून हीट श्रिंक, काम खलास.

आणि निगेटिव्ह गाडीच्या बॉडीवरून आणलाय का? पैसे वाचतात म्हणून लोक करतात. बोल्टखाली रंग, रंगाखाली प्रायमर, त्यात गंज. माझं म्हणणं, इन्व्हर्टरसाठी निगेटिव्हची पण तेवढीच जाड वेगळी केबल टाका, हा विषयच संपतो.

६. फ्यूज

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा. इन्व्हर्टरजवळ लावला तर मधली सगळी केबल उघडीच राहिली, ती कुठं घासून बॉडीला लागली तर जाळायला बॅटरी मोकळी. १२ व्होल्टच्या १००० वॅटवाल्याला १२५ नाहीतर १५० अँपिअरचा एएनएल किंवा मेगा फ्यूज (बोल्टने बसवायचे मोठ्या करंटचे फ्यूज) आणि त्याला झेपेल अशी केबल, म्हणजे ३५ स्क्वेअर. फ्यूज केबलला वाचवायला असतो, म्हणून उडाला की मोठा टाकायचा हा उद्योग करू नका.

घरच्या बोर्डातला साधा एसी एमसीबी डीसीला लावणारे पण भेटतात. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही, तो एमसीबी आतल्या आत जळू शकतो. डीसी लिहिलेलाच घ्या.

७. टेस्टर दोन्ही भोकांत लागतो, म्हणजे काय?

हा प्रश्न हमखास येतो. इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये टेस्टर दोन्ही बाजूंना मंद लागतो, मीटरने प्रत्येक वायर ते बॉडी मोजलं तर साधारण ११५-११५ येतात. बऱ्याच छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं असतं, म्हणजे न्यूट्रल कुठंच अर्थला बांधलेला नसतो, त्यामुळे असं दिसतं. हा बिघाड नाही.

पण याचा एक अर्थ असा की तुम्ही मोठ्या हौसेने लावलेला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) या अवस्थेत तुम्हाला वाचवेलच असं नाही, त्याला काम करायला न्यूट्रल एका जागी अर्थला जोडलेला लागतो. मग लोक स्वतःच न्यूट्रल बॉडीला जोडून टाकतात आणि काही इन्व्हर्टर, विशेषतः स्वस्तातले, त्या क्षणी धूर सोडतात कारण त्यांची आतली रचनाच तशी नसते. मॅन्युअलमध्ये न्यूट्रल-अर्थ जोड चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तरच करा, आणि हे २३० चं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इन्व्हर्टरची बॉडी मात्र गाडीच्या चॅसीला जोडलेलीच हवी, त्याच्यासाठी मागे वेगळा स्क्रू असतो, तो बहुतेकांचा रिकामाच असतो.

८. बाहेरची लाइट घेताना

गावी पाहुण्यांच्या वाड्यात, लॉजच्या पार्किंगमध्ये, वारीच्या वेळी पंढरपुरात कुणाच्या अंगणात गाडी लावली की आपण बाहेरून एक वायर ओढतो. ही बाहेरची लाइट आणि इन्व्हर्टरचं आउटपुट एकाच सॉकेटच्या लाइनीवर एकत्र येता कामा नये. एकत्र आले की इन्व्हर्टर जागेवर मरतो. मधे चेंजओव्हर स्विच टाका, फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणारा, म्हणजे दोन पोलचा. एक पोलचा टाकून न्यूट्रल कॉमन ठेवणं हा लोकप्रिय शॉर्टकट आहे, नको.

दोन्ही टोकांना मेल प्लग असलेली वायर कुणी बनवून दिली तर तिथंच कापून टाका.

९. गाडी चालवून पण बॅटरी भरत नाही

मागची बॅटरी अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या यंत्रावरून) चार्ज होते असं वायरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून मागच्या बॅटरीवर मोजा. १४ च्या आसपास हवं. पुढच्या बॅटरीवर १४.२ आणि मागे १३ असेल तर परत चौथी पायरी, लांब आणि बारीक केबल. पुढेच १२.६-१३ असेल तर नवीन बीएस सिक्स गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर असू शकतो, पुढची बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो. तिथं साधी रिले (दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा स्विच) उपयोगाची नाही, डीसी टू डीसी चार्जर (व्होल्टेज वाढवून मागची बॅटरी भरणारा) लागतो. लिथियमला तर तो लावाच.

आणि रात्री इन्व्हर्टर नुसता चालू ठेवून झोपू नका, लोड नसला तरी तो एक अँपिअरच्या आसपास खातो, सकाळपर्यंत आठ-दहा एएच गेले.

१०. दुकानात नेताना

एवढं करून इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर लोडमध्ये पण १२ टिकतायत, गरम नाही, ओव्हरलोड नाही आणि तरी बंद पडतोय, तर मग खरंच मशीनचा दोष. बिल, वॉरंटी कार्ड, सिरीयल नंबरचा फोटो आणि तुमची रीडिंगची वही घेऊन जा. "चालत नाही" म्हणण्यापेक्षा "टर्मिनलवर ११.९ असताना ५०० वॅटला बंद पडतो" म्हटलं की काउंटरवरचा माणूस नीट ऐकतो. सील स्वतः उघडू नका.

गाडीच्या रचनेत मोठा बदल केला असेल तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून आरटीओत विचारून घ्या, आरसी बुक आणि इन्शुरन्सची कॉपी घेऊन. वायरिंगमुळे आग लागली आणि बदल कागदावर नसला तर इन्शुरन्सवाले तेच पहिलं काढतात.

दुरुस्ती झाली की तोच लोड लावून अर्धा तास चालवा, मग लोड बंद करून प्रत्येक थिंबलजवळ केबलला वरून हात लावून बघा, कोमट चालेल, चटका नको. पुढच्या लांबच्या फेरीनंतर सगळे बोल्ट परत एकदा पान्याने बघा, आपल्या रस्त्यांवर ते ढिले होतातच. टर्मिनलवरची बुरशी सोड्याच्या पाण्याने धुऊन, पुसून, आधी बोल्ट आवळायचा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावायची. आधी जेली लावून मग थिंबल बसवू नका.